धाव संपल्यावर

शाळा-महाविद्यालयांच्या पारितोषिक समारंभात टाळ्यांचा सर्वांत मोठा कडकडाट बहुधा खेळाडूंच्या वाट्याला येतो. जिल्ह्यात पहिला आलेला धावपटू, राज्य संघात निवडली गेलेली कबड्डीपटू, कुस्तीची ढाल जिंकून आणणारा मल्ल यांची नावे पुकारली जातात, छायाचित्रे निघतात आणि ती मुख्याध्यापकांच्या खोलीतील भिंतीवर लागतात. संस्थेचे नाव झाले, गावाचे नाव झाले, असे आपण समाधानाने म्हणतो. त्यात गैर काही नाही. परंतु पाच-दहा वर्षांनी त्याच भिंतीकडे बोट दाखवून, यांतील प्रत्येक जण आज काय करतो, असे कोणी विचारले, तर उत्तर देऊ शकणारे फार थोडे भेटतील. ज्या मुलाच्या पायांनी आपण आपला नावलौकिक वाढवला, त्याचे धावणे थांबल्यावर त्याच्याशी आपले काही नाते उरते काय? उरत असेल, तर ते दयेचे की ऋणाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

वरवर पाहता हा विषय क्रीडाखात्याचा वाटतो. थोडे खोल गेल्यावर मात्र तो नीतीचा आहे हे ध्यानात येते. स्पर्धात्मक खेळात चमकणारे मूल दहाव्या-बाराव्या वर्षीच हेरले जाते. तेव्हापासून त्याचा दिवस त्याचा राहत नाही. पहाटेचा सराव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा मैदान; सुट्टीत शिबिरे; परीक्षेच्या तोंडावर स्पर्धा. पुढे घर सोडून क्रीडा वसतिगृहात राहणे येते. हे सारे मूल आनंदाने करते, यात शंका नाही. परंतु आयुष्याचे कोणते माप आपण त्यासाठी मोजून देत आहोत, हे त्या वयात त्याला कळणे शक्य नसते. ते ज्यांना कळते ते त्याचे वडीलधारे, शिक्षक आणि मार्गदर्शक होत. म्हणूनच त्यांच्या हाती आलेले मूल ही एक ठेव असते. ठेव ज्याच्या हाती येते तो तिचा मालक नव्हे, कारभारी असतो आणि कारभाऱ्याला आज ना उद्या हिशोब द्यावा लागतो.

अशा ठेवीचे एक जुने उदाहरण कावेरीच्या काठी घडले आहे आणि मराठी ख्रिस्ती वाचकाला ते दोन्ही नात्यांनी जवळचे आहे. कुंभकोणमहून तंजावरला जाताना वाटेत पापनाशम लागते. भातशेतीचा हा सारा मुलूख एके काळी तंजावरच्या भोसले घराण्याच्या अमलाखाली होता. १७८७ साली तेथील राजे तुळजाजी मृत्युशय्येवर असताना त्यांनी नुकताच दत्तक घेतलेला दहा वर्षांचा मुलगा सरफोजी याला एका जर्मन मिशनऱ्याच्या हवाली केले. ते मिशनरी म्हणजे ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ. राजाच्या निधनानंतर गादी दुसऱ्याकडे गेली आणि हा मुलगा जवळजवळ कोंडवाड्यात पडला. त्याच्या शिक्षणाची कोणाला चिंता नव्हती. या घटकेला त्या मुलापासून मिळण्यासारखे काहीही नव्हते. तरीही श्वार्ट्झ यांनी त्याची बाजू सोडली नाही. त्यांनी मद्रासच्या सरकारकडे पुनःपुन्हा दाद मागितली, त्याला मद्रासला हलवून शिक्षणाची व्यवस्था लावली. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे, वैद्यकापासून संगीतापर्यंत अनेक विद्यांना आश्रय देणारे विद्वान राजे म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरीही आपल्या गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी संगमरवरी स्मारक करवून घेतले आणि ते आजही तंजावरच्या श्वार्ट्झ यांच्या नावाच्या मंदिरात आहे.

या कथेतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एकच. श्वार्ट्झ यांनी त्या मुलाला गादीचे साधन मानले नाही, की आपल्या कार्याच्या यशाचे प्रमाणपत्र मानले नाही. गादी गेली तेव्हाही मूल तेच होते आणि कर्तव्यही तेच होते. पालकत्वाची कसोटी लाभ संपल्यावर लागते. हीच कसोटी आता खेळाच्या मैदानावर लावून पाहू.

तंजावर जिल्ह्याला लागूनच पुदुक्कोट्टै जिल्हा आहे. तेथील कथकुरिची या खेड्यात, वीटभट्टीवर राबणाऱ्या एका दलित कुटुंबात शांती सौंदरराजन यांचा जन्म १९८१ साली झाला. शाळेत असताना त्या धावू लागल्या आणि पुढे २००६ च्या डिसेंबरात दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक जिंकले. काही दिवसांतच लिंगचाचणीचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेल्याचे जाहीर झाले आणि पदक काढून घेण्यात आले. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या या तरुणीच्या शरीराची चर्चा देशभरच्या वर्तमानपत्रांतून झाली. तिने कोणाला फसवले नव्हते. आपल्या शरीराविषयी जगाला जे कळले ते तिलाही नव्यानेच कळत होते. पुढच्याच वर्षी जगणे नकोसे होण्यापर्यंत त्यांची मनःस्थिती गेली. तामिळनाडू शासनाने त्यांना पंधरा लाख रुपये दिले, त्यांनी मुलांना धावण्याचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. पण स्थिर नोकरी नव्हती. २०१२ साली त्या पुन्हा वीटभट्टीवर रोजंदारीने काम करीत असल्याचे वृत्त आले, तेव्हा देश खडबडून जागा झाला. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या बंगळूर येथील केंद्रात त्यांना प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण करता आला आणि पुढे तामिळनाडू क्रीडा प्राधिकरणात त्या प्रशिक्षक म्हणून काम करू लागल्या.

शेवट बरा झाला, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येईल काय? शांती यांना अखेरीस जे मिळाले ते मोठे नव्हते. एक शिक्षणक्रम आणि एक नोकरी. आयुष्य पुन्हा उभे राहण्यास तेवढे पुरले. मग जे इतके साधे होते, ते मिळण्यास इतकी वर्षे आणि वर्तमानपत्रातील एक लाजिरवाणी बातमी का लागावी? पदक येताना सारे हजर असतात. पदक जाताना खेळाडू एकटा असतो. पापनाशमच्या शेतवाडीतून वा सातपुड्याच्या पाड्यातून निघालेल्या मुलामुलींना तर मागे वळून पाहावे तर हातावर पोट असलेले घर, पुढे पाहावे तर रिकामे मैदान, अशी अवस्था असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर खाशाबा जाधव यांचे नाव प्रथम ओठांवर येते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा राहीना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही आपापल्या परीने भर घातली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्या स्वागतास निघाली. मिरवणूक संपल्यावर या मल्लाने काय केले? कुस्त्या लावून पैसे मिळवले आणि आपल्या गुरुजींचे कर्ज फेडले. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. बढतीसाठी त्यांना दीर्घकाळ थांबावे लागले आणि निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर दीड दशकाने मिळाला. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस शासनाने राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला तो तर त्याहूनही पुष्कळ नंतर.

या कथेत दोन प्रकारचे ऋणको दिसतात. खाशाबांनी आपले ऋण फेडले, तेही वेळेवर. समाजाने मात्र आपले ऋण त्यांच्या पश्चात, हारतुऱ्यांच्या रूपाने फेडले. जिवंत माणसाला द्यावयाचे ते त्याच्या स्मारकाला दिले, तर हिशोब पूर्ण होतो काय, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

खाशाबा आणि शांती निदान जगाला ठाऊक आहेत. खरा प्रश्न त्यांच्या मागे राहिलेल्या हजारोंचा आहे. शर्यतीत पहिला एकच येतो. अमेरिकेसारख्या, महाविद्यालयीन खेळावर अफाट पैसा खर्च करणाऱ्या देशातही विद्यार्थी-खेळाडूंपैकी व्यावसायिक खेळापर्यंत पोहोचणारे शंभरांत दोनही नसतात. आपल्याकडे परिस्थिती याहून सोपी असण्याचे कारण नाही. म्हणजे सराव करणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत खेळाची कारकीर्द पंचविशीच्या आत, कोणताही गाजावाजा न होता संपते. कोणाचा गुडघा जातो, कोणाची निवड होत नाही, कोणाचे लग्न ठरते, कोणाच्या घरची मिळकत थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात दुखापत आणि कारकिर्दीची अखेर या दोन्ही घटना मनाला विशेष धोक्याच्या असल्याचे म्हटले आहे. कारण उघड आहे. बारा वर्षांचा असल्यापासून ज्याला धावपटू याखेरीज दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही, त्याचे धावणे थांबले की तो कोण, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला दुसरी नोकरी शोधता येते. येथे मात्र माणूस स्वतःच हरवलेला असतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजेत. पहिला असा, की खेळाडू स्वेच्छेने या मार्गाला लागतो, जोखीमही त्याचीच. हे प्रौढ माणसाच्या बाबतीत काही अंशी खरे आहे. पण मुलाच्या संमतीला मोठ्या माणसाच्या संमतीइतके वजन देता येत नाही. शिवाय, त्याच्या यशात जो वाटेकरी होतो त्याने अपयशाच्या वेळी अंग काढून घ्यावे, हा कोणता न्याय? दुसरा आक्षेप असा, की शासन खेळाडूंसाठी पुष्कळ करते. तेही खरे आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, परीक्षांत क्रीडागुण मिळतात, केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या मुलांना दरमहा दहा हजार रुपयांचा भत्ता ठेवलेला आहे. २०२४ मध्ये निवृत्त खेळाडूंना नव्या कामाचे शिक्षण देणारी एक योजनाही केंद्र शासनाने सुरू केली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. मात्र यांतील बहुतेक सवलती विशिष्ट पातळीवर यश मिळवल्यानंतरच हाती येतात. जो चौथा आला, ज्याचा खांदा निवडचाचणीच्या आदल्या आठवड्यात निखळला, त्याने दिलेली वर्षे काही कमी नव्हती. यशाचे बक्षीस देणे वेगळे आणि ठेव सांभाळणे वेगळे. पहिले औदार्य आहे, दुसरे कर्तव्य.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. खेळातून शिस्त, सहनशीलता, हार पचवण्याची ताकद मिळते. हेच जीवनाचे शिक्षण नव्हे काय? होय, मिळू शकते. पण आपोआप नाही. पहाटे उठण्याची सवय लागलेल्या मुलाला त्या सवयीचा उपयोग अन्यत्र कसा करावा, हे कोणीतरी दाखवावे लागते. हार पचवण्यास तोच शिकतो, ज्याला हरल्यावरही घराचे दार उघडे असल्याचा अनुभव आहे. जेथे हरलेल्या मुलाशी दोन दिवस कोणी बोलत नाही, तेथे खेळ भीती शिकवतो, धैर्य नव्हे.

येथे प्रेषित पौलाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्या करिंथ नगरात त्याने दीड वर्ष घालवले, त्याच्या जवळच इस्थमसचे खेळ दर दोन वर्षांनी भरत. विजेत्याला तेथे पाइन वृक्षाच्या डहाळ्यांचा किंवा वाळलेल्या पाल्याचा मुकुट मिळे. पौलाने करिंथकरांस लिहिताना याच धावपटूंचा दृष्टांत घेतला. धावणाऱ्याच्या निग्रहाचे त्याला कौतुक होते. परंतु मुकुट सुकून जाणारा आहे, हे तो क्षणभरही विसरला नाही. आपल्या व्यासपीठांवरून या दृष्टांताचा पहिला भाग पुष्कळदा सांगितला जातो. मुलांनी पौलाचा निग्रह घ्यावा, हे आपण त्यांना सांगतो. मुकुट सुकणारा आहे, हे मात्र त्यांच्याकडून मुकुटाची अपेक्षा करणाऱ्या आपण मोठ्यांनी ऐकावयाचे आहे.

हे ज्याला उमगले होते असा एक विद्यार्थी-खेळाडू म्हणजे एरिक लिडेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने त्याने ती शर्यत सोडली, ही हकिकत आपल्या रविवारच्या शाळांतून ठाऊक आहे. त्याच स्पर्धेत त्याने ४०० मीटरचे सुवर्णपदक ४७.६ सेकंदांत जिंकले. त्या वेळी तो एडिंबरो विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि त्याच महिन्यात त्याने विज्ञानाची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी तो चीनमध्ये तिएन्त्सिनच्या महाविद्यालयात शिक्षक म्हणून गेला. पदक हे त्याच्या आयुष्याचे शिखर ठरले नाही, कारण त्याच्यापाशी पदकाखेरीज विद्या होती, कार्य होते आणि आपण कोणाचे आहोत याची खूण होती. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशीएनच्या छावणीत ठेवले. तेथे आईवडिलांपासून ताटातूट झालेली अनेक शाळकरी मुले होती. तो त्यांना शिकवी, त्यांचे खेळ घेई. मुलांत रविवारी हॉकी खेळताना भांडणे होऊ लागली, तेव्हा ज्याने सुवर्णपदकासाठी रविवार मोडला नाही त्याच माणसाने मुलांसाठी रविवारी मैदानात उतरून पंचाचे काम केले. १९४५ च्या फेब्रुवारीत त्याच छावणीत तो निवर्तला. खेळ माणसासाठी आहे, माणूस खेळासाठी नाही, हे याहून स्पष्ट रीतीने कोणी दाखवावे?

तात्पर्य, मुलाचे मोल धावण्याआधीच ठरलेले आहे. ते देवाने ठरवले आहे, घड्याळाने नव्हे. हे मान्य केले, की व्यवहारातील काही गोष्टी आपोआप ओघाने येतात. खेळणाऱ्या मुलाचे पुस्तक सुटता कामा नये. बुडालेला अभ्यास भरून काढण्याची जबाबदारी ज्या संस्थेसाठी ते खेळते तिची आहे. दुखापत झाल्यावर मुलाला कधी उतरवायचे, हे वैद्याने ठरवावे, अंतिम सामन्याच्या तारखेने नव्हे. प्रत्येक खेळाडूला खेळाबाहेरचे एक तरी कौशल्य हाती असावे. त्याच्या निकालाशी ज्याचा काहीही संबंध नाही असे एक वडीलधारे माणूस त्याला असावे, ज्याच्यापाशी त्याला थकलो आहे असे म्हणता येईल. आणि खेळ संपल्यावर पुढील दोन-तीन वर्षे संस्थेने त्याची विचारपूस करावी, नोकरीच्या अर्जापासून पुढील शिक्षणापर्यंत सोबत करावी.

हे अशक्य कोटीतील नाही. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे शरीर कमरेखाली लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. सरकारी सन्मान त्यांच्या वाट्याला फार उशिरा आला, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मधल्या काळात पुण्याच्या टेल्को कारखान्यातील नोकरीने त्यांचा संसार सावरला. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी, २०२४ मध्ये पॅरिसला महाराष्ट्राचे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे हा नेमबाज पदकाच्या कितीतरी आधीपासून रेल्वेत तिकीट तपासनीसाच्या नोकरीत होता. भाकरीची चिंता नसली की नेम चुकतो, असे काही दिसत नाही.

आपल्या ख्रिस्ती संस्थांना तर या बाबतीत विशेष उत्तर द्यावे लागेल. भारतात शारीरिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत आपली माणसे आघाडीवर होती. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. त्या संस्थेच्या त्रिकोणी चिन्हाच्या तीन बाजू शरीर, मन आणि आत्मा यांच्या आहेत. ही शिकवण वारशाने आलेली असताना आपल्या शाळांनी आणि वसतिगृहांनी मुलाची एकच बाजू घासून चकचकीत करावी आणि उरलेल्या दोन उघड्यावर टाकाव्यात, हे शोभणारे नाही. पाळकांनी आणि मंडळीनेही आपल्यातील खेळणाऱ्या मुलांची नावे केवळ अभिनंदनाच्या ठरावात घेऊ नयेत. दुखापतीने घरी बसलेल्या मुलाकडेही जावे.

येत्या समारंभात पुन्हा नावे पुकारली जातील, पुन्हा टाळ्या होतील आणि व्हाव्यातही. मात्र त्याच दिवशी, मागील दहा वर्षांत आपल्यासाठी खेळलेल्या मुलामुलींची यादी काढून प्रत्येकाची चौकशी करण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे. यादी लांबलचक निघेल, काही पत्ते सापडणार नाहीत, काही उत्तरे ऐकवणार नाहीत. तरीही ठेवीचा हिशोब तेथूनच सुरू करावा लागेल.